डबक्यातला तिसरा हिस्सा

"अभिनंदन! तुमच्याकडे अंडी आहेत," फोनवरची बाई म्हणाली. माझ्या हातात एका गायनशिक्षकांची वरची कवळी होती, मेणात दात नुकते बसवलेले. मी दचकले, बोटं आवळली गेली आणि गुरुजींचा पुढचा दात अंगठ्याखाली आत गेला. "चुकीचा नंबर लागलाय," मी म्हटलं, "मी काही मागवलेलं नाही." "मागवायची नसतात हो," ती म्हणाली, "घातलेली आहेत. तुमच्या जमिनीत. करकोच्यांनी." मग तिने सांगितलं, की ती वन्यजीव खात्यात पक्ष्यांचं काम बघते, की नदीच्या वळणाशी, रस्त्याच्या खालच्या अंगाला जे पाणी आणि लव्हाळं माजलंय तिथे करकोच्यांच्या जोडीने घरटं केलंय, की या भागात असं घरटं कोणाच्याही आठवणीत झालेलं नाही, आणि त्या जमिनीच्या तीन मालकांत माझं नाव सगळ्यात शेवटी असल्यामुळे तिने मला फोन केला, शेवटची नावं फोन उचलतात असा तिचा अनुभव होता. "तुम्हीच मालकीण ना?" मी हो म्हटलं, पण म्हणताना आवाज चोरट्यासारखा निघाला. समोरच्या फळीवर लोकांच्या जबड्यांचे पांढरे साचे रांगेने मांडलेले होते आणि ते सगळेच्या सगळे आ वासून माझ्याकडे बघत होते.

मालकीण. माझ्या मालकीचं म्हणजे एक छत्री, भाड्याच्या दोन खोल्यांतलं सामान, आणि दात कोरायची दोन हत्यारं, जी मी लॅबमध्ये कोणाला वापरायला देत नाही. जमीन कागदावर तिघांची होती, दादाची, ताईची आणि माझी, पण माझा हिस्सा म्हणजे जेवायला बसलेल्या पंक्तीत मुलांच्या ताटासारखा, आहे म्हणून आहे. वडील गेले तेव्हा दादाला जमीन विकायची होती आणि ताईला तिथे फळबाग लावायची होती. दादाने तेव्हा घरी आणून ठेवलेलं गिऱ्हाईक ताईने चहा न देता परत पाठवलं. त्या न दिलेल्या चहावरून दोघं कोर्टात गेले. मला दोघांनी विचारलं, "तू कोणाच्या बाजूने?" मी म्हटलं, "तुम्ही दोघं ठरवाल तसं." हे उत्तर मी त्यानंतर इतक्यांदा दिलंय की ते माझं आडनाव वाटायला लागलं. कोर्टाने हुकूम दिला: निकाल लागेपर्यंत जैसे थे. कोणी विकायचं नाही, नांगरायचं नाही, खणायचं नाही, कुंपण घालायचं नाही. दादाच्या वकिलाने ताईच्या वकिलावर नजर ठेवली आणि ताईच्या वकिलाने दादाच्या, आणि त्या दोन नजरांच्या मधे जमीन निवांत पडून राहिली.

वडील होते तेव्हा ते दरवर्षी स्वतः चर उपसायचे. शेताच्या खालच्या भागात नदीचं पाणी मागून शिरायचं आणि त्यांना त्याची लाज वाटायची, घरातला एखादा मुलगा दारू पीत असावा तशी. कोणी पाहुणा आला की त्याला वरच्या अंगाने फिरवून आणायचे आणि खाली बोट दाखवून कोणी विचारलंच तर म्हणायचे, "ते होय? ते डबकं. त्याचं बघतोय मी." मला मात्र त्या डबक्यात उभं राहायला आवडायचं. चिखल आधी कोमट लागायचा, मग बोटांच्या फटींतून वर यायचा, आणि एका विशिष्ट खोलीवर अचानक गार व्हायचा, जणू खाली कोणीतरी दुसरंच राहतंय आणि त्याच्या घराचं दार उघडं राहिलंय. मी हे एकदा घरी सांगितलं. आईने मला अंघोळ घातली. वडील गेल्यावर जैसे थे लागलं आणि चर उपसणं हासुद्धा कोर्टाचा अपमान ठरला. चर बुजला. पाणी शिरलं ते राहिलं. पाण्यामागे लव्हाळं, लव्हाळ्यामागे बेडूक, बेडकांमागे आणखी कोण कोण आलं. म्हणजे बघता बघता, आमच्यापैकी कोणी निसर्गासाठी काडीचंही काही न करता, निव्वळ एकमेकांचं तोंड बघायचं नाही या एका निश्चयावर आम्ही करकोच्यांचं घर उभं केलं होतं.

रविवारी ती फोनवरची पक्षीबाई मला जमिनीवर घेऊन गेली. शहरातून बसने जावं लागतं आणि मग रस्ता सोडून उतरावं लागतं. मी खूप वर्षांत तिकडे फिरकले नव्हते. तिने माझ्या डोळ्यांना दुर्बीण लावली आणि माझी मान धरून वळवली. लव्हाळ्यात एक राखाडी ढीग होता. ढिगाला मान फुटली. मान लांब होत गेली, होत गेली, आणि तिच्या टोकाला एक लाल ठिपक्याचं डोकं निघालं, ज्याने थेट माझ्याकडे बघितलं. मी दुर्बीण खाली केली. आपल्याच घरात कोणी भाडेकरू राहतोय आणि आपण न सांगता त्याच्या खिडकीत डोकावलो, असं काहीतरी झालं. पक्षीबाई हळू आवाजात कायदा सांगत होती. सरकारी जमीन असती तर खात्याने उद्या पाटी लावली असती. खाजगी आहे, तर तिन्ही मालकांची संमती हवी, आणि खात्यातून कागद फिरून यायला पिल्लांची नातवंडं होतील. "आणि शेतजमीन आहे," ती म्हणाली, "मालकाने नांगर घातला तर त्याचा तो हक्क आहे. आम्ही फार तर फोटो काढू शकतो." मग तिने माझ्या हातातली दुर्बीण काढून घेतली. "खरं सांगू? तुमचं ते जैसे थे आमच्या खात्याच्या सगळ्या नियमांपेक्षा कडक निघालं. ते टिकायला हवं."

ते टिकणार नव्हतं. कारण दादा न्हाणीघरात पडला होता. फार लागलं नव्हतं, पण ताई इस्पितळात गेली, दादाने तिचा हात धरला, दोघं रडले, आणि इतक्या वर्षांचं भांडण नर्सने खोलीतली भांडी आवरायच्या आत मिटलं. ठरलं असं, की सगळी जमीन शेजारच्या शेतकऱ्याला विकायची आणि पैसे तिघांत वाटायचे. येत्या तारखेला कोर्टात तडजोड द्यायची होती. मी हे पक्षीबाईला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला. आपलं बोलणं आपल्यालाच लाजिरवाणं वाटतंय अशा आवाजात ती म्हणाली, "तुमचं भांडण थोडं लांबवता नाही का येणार? पिल्लं उडेपर्यंत?" मला संताप आला. मी आयुष्यभर त्या दोघांचे निरोप वाहिले होते, 'तुझ्या भावाला सांग' आणि 'तुझ्या बहिणीला विचार', दोन्हीकडचे काटे काढून, मधे साखर घालून. आता दोघं बोलायला लागले तर मी काडी लावू? एवढ्यात शेजारी शेतकरी बांधावरून चालत आला, पायांत गुडघ्यापर्यंत चिखल. "पक्षी बघताय?" तो म्हणाला. "बघा, बघा. तुमचे पक्षी दिसायला चांगलेच आहेत. पाणी तेवढं माझ्या शेतात येतं." त्याच्या खालच्या पट्ट्यात पेरलेलं सगळं पिवळं पडलं होतं. मधला बांध जागोजागी खचला होता. अर्धा बांध त्याचा, अर्धा आमचा, आणि दोन्ही वकिलांनी बजावलं होतं की हात लावाल तर हद्द मान्य केल्यासारखं होईल. "दरवर्षी इथलं बी कुजतं," तो म्हणाला, "आणि मी कोर्टाचा निकाल कधी लागतो याची वाट बघतो. मला पावसाचा अंदाज येतो, पण तुमच्या घराचा येत नाही." परत येताना बसमध्ये मी खिडकीच्या काचेवर बोटाने जमिनीचा आकार काढत होते आणि पुसत होते. तिसरा हिस्सा म्हणजे नक्की कुठला? वाटणी झाली नाही तोवर सगळ्याचाच तिसरा भाग माझा. प्रत्येक ढेकळाचा, प्रत्येक बेडकाचा, त्या लांब मानेचासुद्धा. एखाद्या गोष्टीचा इतका बारीक भाग आपला असला की ती सोडूनही देता येत नाही आणि हातातही धरता येत नाही. आणि मला, माझ्या लक्षात आलं, ती हातात धरायची होती. काहीतरी हवंसं वाटणं ही भावना इतक्या दिवसांनी आली की आधी मला वाटलं बस लागतेय.

दादाकडे जेवायला बोलावलं होतं, समेटाचं जेवण. दादा पाणीमीटरच्या कचेरीतून निवृत्त झालेला, पण इतकी वर्षं केस चालवून आता तो वकिलांना कलमं सांगतो. ताई शिवणाचे वर्ग चालवायची. तिच्या तोंडात अजूनही अदृश्य टाचण्या असल्यासारखी ती ओठ मिटून बोलते. त्या दिवशी दोघं नुसते ओथंबत होते. दादा ताईला खुर्ची देत होता, ताई दादाच्या पाठीमागे उशी सरकवत होती. "तू आधी घे." "नाही, तू आधी." वाढलेलं गार होत होतं. खोलीत इतका गोडवा साचला होता की मला वरचेवर पाणी प्यावं लागत होतं. दोघांनी मिळून लहानपणची एक आठवण सांगितली, जिच्यात मी नव्हते. मग दादा म्हणाला, "बारके, सोमवारी सही करायला ये," आणि मी, जिचं उत्तर सगळ्यांना पाठ होतं, म्हटलं, "माझं एक म्हणणं आहे."

दादाचा चमचा हवेतच थांबला. ताईने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मी म्हटलं, "वरची कोरडी जमीन तुम्ही दोघं वाटून घ्या, विका, काय हवं ते करा. मला पैसे नकोत. माझ्या हिश्शात फक्त ते डबकं द्या."

"डबकं?"

"हो."

"कशाला?" ताईने विचारलं.

"मला आवडतं."

आमच्या घरात आजवर कोणी कुठलीही गोष्ट आवडते म्हणून मागितली नव्हती. दादाने चमचा ताटात ठेवला. ताईने ओठ मिटले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि त्या नजरेत समेट अजून होता, पण तो उठून चप्पल शोधायला लागला होता. "रस्ता येतोय का तिकडून?" ताईने हळूच विचारलं. "रस्ता नाही," दादा म्हणाला, "जमिनीखाली काहीतरी आहे. वाळू असेल. नाहीतर दुसरं काही. ही रविवारी कुठे होती?" मी म्हटलं, "तिथेच होते. पक्षी आहेत. करकोचे. त्यांनी अंडी घातली आहेत."

"पक्षी," दादा म्हणाला, फार दुःखाने. "बारके, तुला खोटं बोलता येत नाही. मग बोलू नये माणसाने."

मी शपथ घेतली. शपथेने फार नुकसान झालं. मी जेवढं खरं सांगत गेले, घरटं, लाल ठिपका, पक्षीबाई, तेवढी त्यांची खात्री वाढत गेली, कारण इतका तपशील फक्त बनावात असतो हे दादाला कोर्टाने शिकवलं होतं. शेवटी तो ताठ बसला, उशी खाली पडली, आणि म्हणाला, "डबकं कोणाला द्यायचंच असेल तर थोरला म्हणून ते माझ्याकडे राहील." ताई म्हणाली, "वा! वडील शेवटी आजारी होते तेव्हा कोणाकडे होते? डबक्यात त्यांचा जीव होता. मला हाताने दाखवायचे." "काय दाखवायचे? त्यांना डबक्याची लाज वाटायची!" "तुला काय ठाऊक? तू आला होतास कधी?" आणि मग ते सुरू झालं. तो न दिलेला चहा आला, गिऱ्हाईक आलं, आईच्या बांगड्या आल्या, कोणीतरी कोणाच्या तरी परीक्षेच्या वेळी रेडिओ मोठ्याने लावला होता तो आला. आवाज चढले, खोलीत ओळखीचा उकाडा झाला. ताईने आपली पर्स उचलली. दादाने माझ्याकडे वळून म्हटलं, "तुझ्या बहिणीला सांग." ताई दारातून म्हणाली, "तुझ्या भावाला म्हणावं." मी गार झालेलं जेवण जेवले आणि ते मला चवदार लागलं, याची मला फार शरम वाटली. मी काडी लावायला गेले नव्हते. मी आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट मागायला गेले होते. पक्षीबाईला हवं होतं ते तिला मिळालं होतं. मला हवं होतं त्याच्यावर आता तीन दावे होते.

कोर्टात त्या दिवशी पंखा कुरकुरत होता. न्यायाधीश बाई होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि समोर तडजोड येणार म्हणून चेहऱ्यावर जरा सुटीची कळा. दोन्ही वकिलांचं ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे तिघांनाही डबकंच हवं आहे?" हो. "आणि वरची चांगली कोरडी जमीन?" दोन्ही वकिलांनी आपापल्या फायली उघडल्या. "ती कोणालाच नको?" दादाच्या वकिलाने सांगितलं की डबक्याला भावनिक मूल्य आहे. ताईच्या वकिलाने सांगितलं की त्यांच्या अशिलाची भावना जास्त जुनी आहे. मग न्यायाधीशबाईंनी मला उभं केलं. वकील न घेता आलेली मी एकटीच होते. "तुम्हाला ते कशासाठी हवंय?"

'हे दोघं ठरवतील तसं' हे जिभेवर आलंच होतं. मी ते गिळलं. "काही न करण्यासाठी," मी म्हटलं.

"पडीक ठेवणार?"

"पडीक नाही, बाई. तिथे राहतात."

"कोण राहतं?"

मी सांगितलं. मागे कोणीतरी हसलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. त्यांनी समोरची पानं उलटली, जणू 'काही न करणे' हा प्रकार कुठेतरी नक्की असणार. "जमीन कसता येते," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "विकता येते, गहाण टाकता येते, भाड्याने देता येते, तिच्यावर बांधता येतं. तिला तशीच सोडून देण्याला मालकाचा वापर म्हणायचं की मालकाचा आळस, यावर दोन्ही बाजूंनी पुढच्या वेळी बोलावं." दादाचा वकील म्हणाला, "आळस." ताईच्या वकिलाने केवळ तो म्हणाला म्हणून "वापर" म्हटलं. तारीख पडली ती पार कापणीच्या पुढची. तोवर जैसे थे. पक्षीबाई शेवटच्या बाकावर बसली होती. तिने तोंडावर रुमाल धरला, पण खांदे हलत होते.

बाहेर पायऱ्यांवर शेतकरी उभा होता, घडीचा शर्ट घालून आलेला, विकत घ्यायच्या तयारीने. तो रागावलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "तुमचं जैसे थे," तो म्हणाला, "आणि माझंही जैसे थे. गुडघाभर." मला त्याचा पिवळा पट्टा आठवला, वडिलांचा चर आठवला, आणि मी विचारलं, "मधला बांध उंच केला तर?" तो म्हणाला, "तर पाणी तुमच्याकडे राहील आणि बी माझ्याकडे. पण तुमच्यातलं कोणी हो म्हणत नाही." "मी म्हणते." "तुमचा हिस्सा कुठला ते ठरलंय कुठे?" "नाही ना ठरलेलं," मी म्हटलं, आणि मला एकदम हलकं वाटलं, "म्हणून तर बांध कुठेही धरा, त्यात माझा आहेच." पक्षीबाई पुढे आली. घरट्यापासून लांबच्या टोकाला काम करा, आवाज करू नका, आणि पाणी आत राहिलं तर खात्याला आनंदच आहे, असं ती म्हणाली आणि लगेच तिने जोडलं की हे ती खात्याच्या वतीने बोलत नाहीये.

लॅबमधून रजा काढून मी गेले. शेतकरी कुदळीने त्याच्या बाजूची माती ओढत होता, त्याची बायको टोपली भरून देत होती, आणि मी खचलेल्या जागी चिखल थापत होते. दात बसवण्याहून हे फारसं वेगळं नव्हतं; हिरडी नीट झाली की बाकीचं उभं राहतं. कोपरापर्यंत हात माखले होते. चिखल वर कोमट होता. तेवढ्यात रस्त्यावरून दादा उतरताना दिसला, बूट घालून, आणि दुसऱ्या अंगाने छत्री टेकत ताई. मी काय उकरून काढतेय ते बघायला दोघं स्वतंत्रपणे, एकमेकांच्या नकळत आले होते. समोरासमोर आल्यावर दोघंही आकाशाकडे बघायला लागले. मग दादाने मला बांधावर बघितलं आणि तो ओरडला, "बारके! हा कोर्टाचा अवमान आहे! खाली ये!" मी हात झटकला आणि आणखी एक गोळा थापला. "येणार नाही," मी म्हटलं. ओरडून नाही, तोंडातून निघालं तसंच. ताईने छत्री उघडली आणि मिटली.

दादा मला अडवायला निघाला. बांधावरून यायचं सोडून, जवळ पडेल म्हणून, लव्हाळ्यातून. पक्षीबाईने सांगितलेली जागा मी त्याला ओरडून सांगत होते, पण तो म्हणाला, "पुरे कर आता ते पक्षी!" आणि तेवढ्यात लव्हाळं दुभंगलं. आधी मान आली, मग पंख, आणि पंख संपेचनात. दादाच्या छातीइतका उंच करकोचा त्याच्यासमोर उभा राहिला, चोच वर केली आणि असा ओरडला की पलीकडे शेतकऱ्याची बायको टोपली टाकून खाली बसली. दादा एक पाऊल मागे आला. करकोचा दोन पुढे आला. दादाने हात जोडले. करकोच्याने पंख आपटले. मग दादा पळाला, माझा सत्तरीतला, न्हाणीघरात पडलेला भाऊ, लव्हाळं तुडवत, गुडघे छातीला लावत, एक बूट चिखलात सोडून; आणि ताईने काय करावं, तर ती छत्री ढालीसारखी उघडून सरळ पाण्यात उतरली, "माझ्या भावाला हात लावशील तर बघ!" असं त्या पाखराला बजावत तिने दादाला काखेत धरलं आणि ओढत ओढत बांधावर आणलं. करकोचा त्यांना अगदी बांधाच्या पायथ्यापर्यंत सोडायला आला. तिथे तो उभा राहिला, मान ताठ, आमच्या पाचही जणांवर एकेक करून नजर फिरवत. लांब लव्हाळ्यात दुसरी राखाडी मान वर आली होती. तिच्या शेजारी काहीतरी पिवळसर, कापसासारखं हललं.

ताईच्या साडीतून पाणी ठिबकत होतं. दादा बांधावर बसला होता, एक पाय अनवाणी, धापा टाकत, आणि त्या पिवळ्या हालचालीकडे बघत होता. बराच वेळ बघत होता.

"पण त्या पाखराचं म्हणणं तरी काय आहे?" ताईने मधे मला न घालता थेट दादाला विचारलं.

दादाने श्वास घेतला. इतक्या वर्षांत त्याने कुठल्याही विरुद्ध पक्षाबद्दल असा आदर दाखवलेला मी पाहिला नव्हता.

"वहिवाट," तो म्हणाला. "आणि बाजू त्याची भक्कम आहे."